खांद्यावर कोण होतं?

ताई,

माझं वय 52. माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर शिरपूरकडचं. माझे वडील, नाना, गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यांची म्हणून माझ्याजवळ एकच आठवण आहे. अमळनेरची यात्रा, बोरी नदीच्या वाळूत दुकानं लागलेली, रात्रीची वेळ, आणि मी नानांच्या खांद्यावर. त्यांची टोपी मी दोन्ही हातांनी धरलेली. नाना म्हणतात, "घट धर माय, पडी जाशी." मग त्यांनी कागदाची भिंगरी घेऊन दिली. बस, इतकंच. मुलांना, सुनेला शंभर वेळा सांगून झालंय.

या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले. जेवणं झाल्यावर दादा (माझ्याहून दोन वर्षांनी मोठा) सगळ्यांसमोर म्हणाला, "ती तू नव्हतीच. खांद्यावर मी होतो. तुला गोवर निघाला होता, तू घरी आईजवळ होतीस." सगळे हसले. आईला विचारलं तर म्हणे, "माले काही याद नही, बाई." मी दुसऱ्याच दिवशी निघून आले. तेव्हापासून दादाचा फोन उचललेला नाही. आता रात्री डोळे मिटले की खांद्यावर दादाच दिसतो. जे माझं नव्हतंच ते मी जन्मभर जपलं का? मला अगं-तुगं करा, तुम्ही मोठ्या आहात.

— एक माहेरवाशीण

माहेरवाशिणी,

आधी दादाचं बोलून घेते, म्हणजे तुझा राग थोडा निवेल. सुना-नातवंडांसमोर, बापाविना वाढलेल्या बहिणीची बापाची आठवण खोडायची ही काय रीत झाली? त्याचं म्हणणं अगदी खरं असलं, तरी ती बोलायची जागा नव्हती. हसणाऱ्यांचंही चुकलंच.

आता दुसरी बाजू. त्याचा बापही त्याच दिवशी गेला. तू सात वर्षांची होतीस, तर तो नऊ. ही गोष्ट तू शंभर वेळा सांगितलीस म्हणतेस. त्यातल्या किती वेळा तो तिथेच बसून, गप्प राहून ऐकत होता, ते कधी मोजलंस? मला तर वाटतं, त्या आखाजीला त्यानं तुझं काही हिसकावलं नाही. कित्येक वर्षं आपल्याकडून गेलंय असं त्याला वाटत होतं, ते तो परत मागत होता. मागितलं मात्र अगदी वाईट रीतीनं.

मला हे कळतं, कारण आमच्या घरीही असाच एक खटला आहे. पाचोरा ते जामनेर अशी लहान रुळांची गाडी होती, तिला सगळे 'पीजे' म्हणायचे. मावशीकडे जाताना त्या गाडीच्या खिडकीतून माझी चप्पल पडली. मी रडले, आणि मावशीनं जामनेरला उतरल्यावर नवी जोडी घेतली. माझी धाकटी बहीण ठाम सांगते की चप्पल तिची होती, रडली ती, आणि नवी जोडीही तिलाच मिळाली. चाळीस वर्षं आम्ही भांडतोय. जोडीचा रंग दोघी लालच सांगतो. चप्पल माझीच होती याबद्दल मला आजही शंका नाही, आणि तिलाही तिच्याबद्दल नाही.

हे वेड आमच्याच घरात आहे असं मी समजत होते. पण मेर्सेडीस शीन नावाची मानसशास्त्राची अभ्यासक आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये यावर एक अभ्यास छापला. त्यांनी जुळ्या भावंडांच्या 20 जोड्या घेतल्या. जोडीतल्या दोघांना वेगवेगळं बसवून, एकेक शब्द देऊन, त्यावरून आयुष्यातली एखादी आठवण सांगायला लावली. 14 जोड्यांत निदान एक आठवण अशी निघाली की दोघंही म्हणाले, हे माझ्याच बाबतीत घडलं. पुढे साध्या भावंडांतही आणि मैत्रिणींतही हेच दिसलं. आणि गंमत बघ, ज्यांवरून वाद होता त्या आठवणी बहुतेकदा वाद नसलेल्या आठवणींपेक्षा जास्त ठसठशीत होत्या. तेव्हा तुझं चित्र स्वच्छ दिसतं म्हणून ते खरं, असं होत नाही. तेच दादाच्या चित्रालाही लागू.

पण तुम्ही दोघं एक गोष्ट धरूनच चाललात, आणि पत्र वाचताना मी तिथेच अडखळले. अगं, यात्रा दर वर्षी भरते! अमळनेरच्या संत सखाराम महाराजांचा रथ दर वैशाखी एकादशीला निघतो, आखाजीनंतर आठच दिवसांनी. नाना तुला सात वर्षं लाभले. म्हणजे सात वैशाख, आणि बोरीचं कोरडं पात्र प्रत्येक वैशाखात तसंच. एका साली तुला गोवर निघाला असेल आणि नानांनी दादाला नेलं असेल. दुसऱ्या साली तुला नेलं असेल. आपलं डोकं असल्या सारख्या-सारख्या दिवसांची मोट बांधतं आणि त्यातून एकच यात्रा ठेवतं. एकच खांदा, एकच भिंगरी. मग भावंडं त्या एका खांद्यावर कोण बसलं यावरून भांडतात, सातबाऱ्यावरच्या नावासारखी.

असंच झालं, असं मी म्हणत नाही. मी तिथे नव्हते. पण तुला गोवर निघाला होता आणि तू खांद्यावर होतीस, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. हे तुमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही, याचं मात्र नवल वाटतं.

वयाचंही सांगते. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं आपल्याला सहसा काही आठवत नाही. तसं कुणी सांगितलं तर ते बहुतेक ऐकीव असतं, नाहीतर फोटोवरून आलेलं. पाच-सहा वर्षांच्या पोरीला यात्रेतली रात्र आठवणं यात मात्र अशक्य काहीच नाही.

आता डोळे मिटल्यावर दादा दिसतो, त्याबद्दल. घाबरू नकोस. आठवण काही पेटीतल्या लुगड्यासारखी घडी करून पडलेली नसते. दर वेळी बाहेर काढताना आपण ती नव्यानं विणतो, आणि त्या वेळी कानावर जे पडलेलं असतं त्याचा धागा तिच्यात जातो. एलिझाबेथ लॉफ्टस नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1974 मध्ये हे फार साध्या रीतीनं दाखवलं. लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, 'चक्काचूर झाल्या' तेव्हा किती होता? आठवड्यानं पुन्हा विचारलं की फुटलेली काच दिसली का. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी 'चक्काचूर' ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जणांना ती दिसली होती, 'धडकल्या' ऐकलेल्या 50 पैकी सात जणांना. एका शब्दानं इतकं होतं, तर सगळ्या घरासमोर ऐकलेल्या अख्ख्या वाक्यानं काय होईल?

शिवाय तू आत्ता ते चित्र उभं कुठून बघतेस, ते पाहा. खांद्यावर दादा दिसतो म्हणजे तू खाली, गर्दीत उभी आहेस. पत्रात आधी जे लिहिलंस त्यात टोपी आहे आणि टोपीवर तुझे हात आहेत. खांद्यावर बसलेल्या पोराला तेवढंच दिसतं. हा पुरावा म्हणून दादासमोर ठेवू नकोस हं, तो काही पुरावा नाही. जुन्या आठवणी पुष्कळांना बाहेरून बघितल्यासारख्या दिसतात, आणि कल्पनेला तर कुठेही बसता येतं.

आणि पुराव्याचाच मोह व्हायचा असेल, तर तो होईल त्या एका शब्दाचा. "घट धर माय." तुझं पत्र मी इथे दोनदा वाचलं. आपल्याकडे बाप लाडात लेकीला 'माय' म्हणतो. लेकाला कुणी 'माय' म्हणत नाही. तुला लगेच वाटेल, सापडला दादा! तसं करू नकोस. ते वाक्य यात्रेतलं नसेलही. झोक्यावर बसवताना म्हटलं असेल, बैलगाडीत चढवताना म्हटलं असेल, आणि तू ते उचलून यात्रेत नेऊन ठेवलं असशील. पण कुठे का असेना, ते कुण्या मुलीला म्हटलेलं आहे, आणि नानांची दुसरी मुलगी तू पत्रात कुठे सांगितली नाहीस.

आईला पुन्हा विचारायचं असेल तर रीत बदल. "दोघांपैकी कोण?" हा प्रश्न आईला विचारतात का, बाई? कोणतीही आई म्हणेल, माले काही याद नही. तिथे ती विसरली की शहाणपणानं वागली, देवच जाणे. 'नाना मला घेऊन गेले होते ना?' असंही विचारू नकोस, वर ते काचेचं सांगितलंच. तिला आडवाटेनं विचार. यात्रेला निघताना शिदोरीत काय बांधायचीस? गाडी कुणाची असायची? गोवर निघाला की घरात काय काय पाळायचीस? कडुलिंबाचा पाला कोण आणायचं? ती बोलत असताना लेकाच्या फोनवर आवाज भरून घे आणि मध्ये बोलू नकोस. यात्रेचा निकाल लागेल न लागेल, पण नानांची माहिती एका भिंगरीपेक्षा पुष्कळ जास्त मिळेल. आईचं वय बघता हे पुढच्या आखाजीवर ढकलू नकोस.

आणि राखी येतेय. पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः जा. पंगतीत विषय काढू नकोस. वहिनी भांडी आवरत असेल तेव्हा त्याला शेताकडे घेऊन जा आणि म्हण, "दादा, तुझी यात्रा मला सांग. पहिल्यापासून." मग गप्प राहा. तो चुकला असं वाटलं तरी गप्प राहा. इतकी वर्षं तू सांगितलंस, आता एकदा त्याला सांगू दे. आम्ही दोघी बहिणी आता ती चपलेची गोष्ट मिळून सांगतो. चप्पल पडेपर्यंत ती सांगते, पुढची मी. नातवंडांना कुणाची चप्पल याच्याशी काही देणंघेणं नाही, ती गाडी किती हळू चालायची तेवढंच विचारतात.

जाण्याआधी एक काम कर. आजच, दादाचं काही ऐकण्याआधी, तुझ्या आठवणीतलं जेवढं आहे तेवढं वहीत लिहून ठेव. सुंदर करू नकोस, जसं येईल तसं लिही. भिंगरीचा रंग आठवला तर लिही, नाही आठवला तर नाही. आणि नानांच्या टोपीला वास कसला यायचा, तेवढं मला पत्रानं कळव. दादाला न विचारता.

— तुझी ताई