वाचकांचे प्रश्न : ए-लेव्हलचं इंग्रजी साहित्य

प्रश्न : मुलगी पुण्यात केंब्रिज बोर्डाच्या ए-लेव्हलला (अकरावी-बारावीच्या पातळीला) इंग्रजी साहित्य शिकते. नाटकं तिला जवळजवळ पाठ आहेत, तरी प्रत्येक निबंधावर एकच शेरा येतो : ‘कथानक सांगितलं आहे, विश्लेषण नाही.’ काय चुकतंय?

उत्तर : कथानक तपासणाऱ्याला माहीत असतंच. लेखकाने ते कसं रचलं आणि मुलीला त्याबद्दल काय म्हणायचं आहे, याला गुण असतात. तिला एक सोपी तपासणी करायला सांगा. निबंधातल्या प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य अधोरेखित करून ती वाक्यं ओळीने वाचायची. ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘पुढच्या अंकात’ असं करत गोष्टच पुढे सरकत असेल, तर चूक सापडली. पहिल्या वाक्यात विधान हवं, त्याखाली मूळ संहितेतले तीन-चार शब्द, आणि मग तेच शब्द का, याचा खुलासा. हा खुलासाच सगळ्यात लांब असावा. बहुतेक मुलांचा तो एका ओळीत आटपतो.

प्रश्न : मी मराठी माध्यमातून दहावी झालो. न वाचलेली कविता परीक्षेत आली की अलंकार ओळखता येतात, पण गुण मिळत नाहीत.

उत्तर : रसग्रहणाची सवय तुमच्या कामाचीच आहे, पण अलंकाराचं नाव घेऊन थांबू नका. ‘इथे पुनरुक्ती आहे’ हे अर्धंच वाक्य झालं. इंग्रज कवी विल्यम ब्लेकची १७९४ची ‘लंडन’ ही कविता घ्या. पहिल्या दोन ओळींत ‘चार्टर्ड’ हा शब्द दोनदा येतो, आधी रस्त्याला, मग टेम्स नदीला. चार्टर म्हणजे सनद. रस्ता सनदेने कुणाच्या मालकीचा होईल. वाहत्या पाण्याची सनद कशी करणार? पुनरुक्तीमुळे तो हक्क रस्त्यावरून नदीपर्यंत पसरतो, आणि शहरात मोकळं काहीच उरलं नाही असं वाटू लागतं. ब्लेकच्या कच्च्या खर्ड्यात या जागी ‘डर्टी’ होतं. ‘घाण’ म्हटलं की फक्त दृश्य दिसतं, ‘सनदी’ म्हटलं की सत्ता दिसते. असा एक शब्द पुरता उलगडला, तर तो सहा अलंकारांच्या यादीपेक्षा जास्त गुण देतो.

सरावाला आठवड्यातून एक कविता पुरे. पहिल्यांदा पेन न उचलता वाचा, दुसऱ्यांदा सूर किंवा बोलणारा कुठे बदलतो तिथे रेघ मारा. बहुतेक कवितांत अशी एक वळणाची जागा सापडते, आणि उत्तराची मांडणी तिच्याभोवती बसते.

प्रश्न : वेळ पुरत नाही. अवतरणं किती पाठ करावीत?

उत्तर : पुस्तक आत नेता येत नाही, म्हणून पाठांतर लागतंच, पण लांब उतारे नकोत. एका पुस्तकाची पंचवीसेक अवतरणं, प्रत्येकी सहा-सात शब्दांच्या आत, आणि एकेक अवतरण दोन-तीन विषयांना चालेल असं निवडलेलं. चारही पेपर दोन-दोन तासांचे, प्रत्येकात दोन उत्तरं, प्रत्येकी २५ गुण. आवडत्या पुस्तकावर सव्वा तास गेला की दुसरं उत्तर अर्धवट राहतं, आणि तिथे गेलेले गुण पहिल्या उत्तरातल्या जादा पानाने भरून निघत नाहीत. दहा मिनिटं आराखडा, पंचेचाळीस लेखन, पाच वाचन. साठाव्या मिनिटाला वाक्य पुरं करून पुढच्या प्रश्नाकडे वळा.