सोलापुरातून इंजिनिअरिंगचा ऑनलाइन अभ्यास: आधी सिलॅबसचं पान, मग लिंक

प्रश्न दोन आहेत. पहिला मंगळवेढ्याकडून सोलापूरला शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचा: बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता सिव्हिलचं दुसरं वर्ष, एसओएम (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स) राहिलाय, रोजचा दीड जीबी डेटा, आणि क्लासच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेली लिंकांची लांबलचक यादी. "यातलं नेमकं काय बघू, आणि सर्टिफिकेट कोर्स करू का?" त्याखाली पॉलिटेक्निकच्या एका मॅडमनी विचारलंय की विद्यार्थ्यांना यातलं काय द्यावं आणि कसं. मी सिव्हिलचाच, आधी शिकवत होतो, आता डिझाइनचं काम करतो. त्यामुळे उदाहरणं सिव्हिलकडे झुकतील, ते चालवून घ्या.

मित्रा, ती यादी आधी बाजूला ठेव. तिच्यात वाईट काही नाही, पण ती करणाऱ्यानं तुझा सिलॅबस बघितलेला नाही. तुझ्या सिलॅबसचं एसओएमचं पान पार्क चौकात कुठंही दोन-पाच रुपयांत झेरॉक्स करून मिळेल. ते टेबलासमोर चिकटव. प्रत्येक युनिटसमोर एकच व्हिडिओमालिका आणि एकच पुस्तक लिही. दुसरा सर कितीही भारी शिकवत असला तरी ते युनिट संपेपर्यंत बदलायचा नाही. एका सरांचं साइन कन्व्हेन्शन (कुठली दिशा अधिक, कुठली उणे) वेगळं, दुसऱ्याचं वेगळं. निम्मी पोरं एसएफडी-बीएमडीला (तुळईतल्या शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्यांना) तिथंच गोंधळतात आणि स्वतःला ढ समजायला लागतात.

व्हिडिओमालिकेसाठी माझं मत सरळ एनपीटीईएलला, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांच्या फुकट ऑनलाइन व्याख्यानांना. सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी यांनी मिळून २००३ मध्ये ते सुरू केलं, आणि सिव्हिलचा जवळजवळ प्रत्येक मूळ विषय तिथं आहे. कंटाळवाणं वाटतं, हे खरं. फळा, खडू, एकसुरी आवाज. पण सर समीकरण मधूनच उचलत नाहीत, ते कुठून आलं तिथून सुरुवात करतात. ओरलला नेमकं तेच विचारतात. इंग्रजी कानावरून जात असेल तर दोन गोष्टी कर. व्याख्यानाचा लिखित मजकूर तिथूनच उतरवता येतो, तो समोर ठेवून ऐक. आणि बऱ्याच कोर्सचे मजकूर भाषांतरित होऊन आले आहेत, त्यात मराठीही आहे. आपला कोर्स त्यात आहे का ते बघ. भाषांतर कधीकधी अवजड आहे, पण पहिल्या वाचनाला आधार होतो. व्हिडिओ रात्री कॉलेजच्या किंवा होस्टेलच्या वायफायवर उतरवून ठेवलेस तर दिवसाचा डेटा वाचतो, आणि मे महिन्यात लाइट गेली तरी अभ्यास थांबत नाही.

आता मुख्य मुद्दा. तू नुसतं बघायलास की सोडवायलास? वीस मिनिटं बघून झालं की मोबाइल पालथा ठेव आणि कागद घे. सहा मीटरची साधी आधारलेली तुळई, पूर्ण लांबीवर दर मीटरला १० किलोन्यूटन भार. दोन्ही टोकांच्या प्रतिक्रिया किती? ३० आणि ३०. मधला कमाल बेंडिंग मोमेंट, म्हणजे तुळई वाकवणारा परिणाम? ४५ किलोन्यूटन-मीटर. हे सूत्रानं सगळ्यांना येतं. पुढं स्वतःलाच विचार: लांबी १२ मीटर केली तर? उत्तर १८० येतं, म्हणजे दुप्पट नाही, चौपट. का? हे "का" व्हिडिओ न बघता दोन ओळींत लिहिता आलं तर ते युनिट तुझं झालं. नाही आलं तर पूर्ण व्हिडिओ पुन्हा लावू नकोस, ते पाच मिनिटांचं ठिकाण शोध.

परीक्षेच्या आदल्या रात्रीचे, सगळा विषय एका बैठकीत उरकणारे "वन शॉट" व्हिडिओ? दगडापेक्षा वीट मऊ. उजळणीला चालतात. पण सगळं सेमिस्टर त्यावर काढलंस तर पुढं आरसीसीच्या पेपरात हाच मोमेंट परत भेटतो आणि तेव्हा वेळ नसतो.

एनपीटीईएलचा सर्टिफिकेट कोर्स करावा का, हेही तू विचारलंयस. नाव नोंदवायला, बघायला आणि असाइनमेंट द्यायला पैसे लागत नाहीत. परीक्षेला एका कोर्सचे १,००० रुपये. परीक्षा ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यायची. सर्टिफिकेटचे गुण असे ठरतात: २५ टक्के असाइनमेंटचे, ७५ टक्के परीक्षेचे. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारापैकी चांगल्या आठ असाइनमेंट धरतात. आणि दोन्हीकडं वेगवेगळं पास व्हावं लागतं, असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०. "परीक्षेत कव्हर करू" म्हणून असाइनमेंट सोडणारे इथंच अडकतात. एका सेमिस्टरला एकच कोर्स घे, आणि शक्यतो जो विषय वर्गात चालू आहे तोच. तीन-तीन कोर्सना नाव घालून चौथ्या आठवड्यात गायब होणारे पैशाला पासरी भेटतील.

क्रेडिटचं मात्र आधी विचारून घे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार स्वयमवरच्या (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, एनपीटीईएलचे सर्टिफिकेट कोर्स तिथंच चालतात) कोर्समधून एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट मान्य करता येतात. "करता येतात" म्हणजे तुझं कॉलेज करेलच असं नाही. स्वायत्त कॉलेजचं वेगळं, विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या कॉलेजचं वेगळं. फी भरायच्या आधी विभागात जाऊन कोर्सचं नाव दाखव आणि उत्तर कागदावर घे. तोंडी "होतंय की" वर जाऊ नकोस.

सॉफ्टवेअर शिकायला आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. सायलॅब, पायथन, सी, लिनक्स, लाटेक्स असे विषय, एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा, आणि बऱ्याच धड्यांचा आवाज मराठीत. पडद्यावरची अक्षरं इंग्रजीच राहतात, हे मला फार आवडतं. ऐकताना समजतं आणि बटणाचं खरं नावही डोळ्याखालून जातं. सोलापूरला याचा वेगळा उपयोग आहे. पूर्व भागातल्या पोरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडच्यांच्या घरी कन्नड. त्या भाषांतही धडे आहेत. धडा निम्म्या पडद्यावर, सॉफ्टवेअर निम्म्या पडद्यावर, आणि सोबत हात चालवायचा, अशीच त्याची रचना आहे. झोपून बघितलं तर काहीच उरत नाही.

त्यांच्याच फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात पोलादी बांधकामाच्या डिझाइनसाठी ऑसडॅग हे सॉफ्टवेअर आहे, आयएस ८०० या भारतीय मानकावर बेतलेलं आणि फुकट. इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांसाठी सर्किट डिझाइनचं ई-सिम हे सॉफ्टवेअर. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या क्रॅक सॉफ्टवेअरच्या नादाला लागण्याआधी ही दोन लावून बघा.

आता ज्या स्रोताबद्दल विद्यार्थी कधीच विचारत नाहीत, आणि मला ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय, तो म्हणजे आयएस कोड, डिझाइन ज्यावरून करायचं ती भारतीय मानकं. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पोर्टलवर खातं उघडलं की भारतीय मानकं विनामूल्य उतरवता येतात. तरीही टेलिग्रामवरच्या कुठल्या तरी पुसट स्कॅनवरून पोरं प्रोजेक्ट करतात, आणि तो स्कॅन कोणत्या सालचा आहे हे बघतच नाहीत. साल बघणं किती महत्त्वाचं आहे ते आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूरकरही त्या पहाटे घराबाहेर पळाले होते. त्या वेळी लागू होता आयएस १८९३ चा, म्हणजे भूकंपरोधक डिझाइनचा, १९८४ चा कोड, आणि त्याच्या भूकंपधोक्याच्या नकाशात किल्लारी पहिल्या झोनमध्ये होती, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या. २००२ च्या आवृत्तीत पहिला झोन काढूनच टाकला, पाचाचे चार झोन झाले. २०१६ च्या आवृत्तीतल्या गावांच्या यादीत सोलापूर तिसऱ्या झोनमध्ये आहे. आता समज, तुझ्या हातातला स्कॅन १९८४ चा आहे आणि तू त्यावरून झोन फॅक्टर, म्हणजे त्या झोनसाठी भूकंपाच्या जोराचा आकडा, घेतलास. गणित बिनचूक, इमारत चुकीची.

म्हणून कोड उतरवलास की पहिल्या पानावरचं साल, मग त्यानंतरच्या दुरुस्त्या, आणि आज लागू आवृत्ती कोणती ते पोर्टलवर बघ. काँक्रीटसाठी आयएस ४५६, मिक्स डिझाइनसाठी आयएस १०२६२, भारांसाठी आयएस ८७५: एवढे तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात स्वतः उघडून वाच. सुरुवातीला कलमं रुक्ष वाटतील. पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण एका बाजूला आणि कोडचं ते कलम दुसऱ्या बाजूला ठेवून वाचलं की हळूहळू जमतं. मुलाखतीला आलेल्या पोराला मी कोडचं एखादं कोष्टक उघडायला सांगतो. पान कसं शोधतो त्यावरून बरंच कळतं.

याच कारणानं एआय चॅटबद्दलही दोन शब्द. तुझं सोडवलेलं गणित टाकून "कुठं घसरलो?" विचारायला ते चांगलं आहे. मराठीत विचारलंस तरी चालतं. पण कोडचं कलम, कोष्टकातला आकडा, संदर्भग्रंथाचं नाव त्याच्याकडून घेऊ नकोस. नसलेलं कलमसुद्धा ते ठासून सांगतं. आकडा कोडमधूनच.

पुस्तकांचं थोडक्यात. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर डिप्लोमा आणि पदवीची पुस्तकं भारतीय भाषांत आहेत, मराठीतही. आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय शोधायला चांगलं, मात्र तिथल्या प्रत्येक नोंदीचं पूर्ण पुस्तक उघडतंच असं नाही. गणित कच्चं असेल तर एमआयटीच्या ओपन कोर्सवेअरवर गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जेब्राची व्याख्यानं बघ. मॅट्रिक्सची भीती जाते. बाकी नवी पेठेत जुनं पुस्तक मिळालं तर तेही घे. कागदावर समास असतो, तिथं स्वतःचं लिहिता येतं.

आता मॅडम, तुमच्यासाठी. लिंक पाठवणं म्हणजे स्रोत देणं, अशी आपल्याकडं समजूत झाली आहे. ग्रुपवर तासाभराचा व्हिडिओ टाकला की पोरं अंगठा दाखवतात आणि विषय संपतो. त्याऐवजी त्या व्हिडिओतली आठ-दहा मिनिटं निवडा, कुठून कुठपर्यंत ते लिहा, आणि सोबत असा एक प्रश्न द्या ज्याचं उत्तर व्हिडिओत थेट सापडत नाही. दुसऱ्या दिवशीचा तास त्या उत्तरानंच सुरू करा. पहिले काही दिवस निम्मी पोरं कोरी येतील. तास तिथूनच सुरू होतो हे कळलं की बघून यायला लागतात.

स्वतः व्हिडिओ करायचे असतील तर आयआयटी मुंबईच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागातल्या लोकांनी मांडलेली विद्यार्थीकेंद्री मूकची (MOOC, म्हणजे सगळ्यांना खुल्या ऑनलाइन कोर्सची) पद्धत बघा. तिच्यात छोट्या व्हिडिओच्या मधेच थांबून विद्यार्थ्याला विचार करायला लावतात, मग पुढं जातात. लांब जायचीही गरज नाही: आपल्या वालचंद इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांचे असे छोटे धडे यूट्यूबवर आहेत, सुरुवातीलाच या धड्यातून काय यायला हवं ते सांगणारे. महागडा कॅमेरा लागत नाही. आवाज मात्र स्वच्छ हवा; पंखा बंद करून रेकॉर्ड करा, सोलापूरच्या उन्हाळ्यात ते किती अवघड आहे हे मान्य करूनही.

प्रॅक्टिकलच्या आधी व्हर्च्युअल लॅब्ज, म्हणजे ऑनलाइन प्रयोगशाळा, वापरा, प्रॅक्टिकलच्या ऐवजी नको. प्रत्येक प्रयोगाला उद्देश, सिद्धांत, पूर्वचाचणी, कृती, सिम्युलेशन, उत्तरचाचणी असा क्रम आहे. पूर्वचाचणी घरून करून आलेली बॅच यंत्रासमोर उभी राहिली की "सर, कुठलं बटण?" हा प्रश्न कमी होतो. पण सिम्युलेशनमधला आलेख नेहमीच देखणा येतो. खऱ्या यूटीएमच्या (सळई ओढून तपासायच्या यंत्राच्या) जबड्यात सळई घसरते, वाचन चुकतं, आणि मग का चुकलं यावर बोलता येतं. ते बोलणं जर्नलमध्ये लिहायला लावा.

तुमच्या स्वतःच्या शिक्षणासाठी एआयसीटीईचा आठ मॉड्यूलचा एनआयटीटीटी हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम आहे, नव्या शिक्षकांना विशेष उपयोगी. शोधनिबंधांसाठी केंद्र सरकारचं "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं आणि त्यात सुमारे १३,००० नियतकालिकं आहेत, पण पहिला टप्पा सरकारी संस्थांचा. तुम्ही शासकीय तंत्रनिकेतनात असाल तर ग्रंथपालांकडं चौकशी करा. खासगीत असाल तर शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएचडीचे प्रबंध सगळ्यांना खुले आहेत; प्रबंधातलं दुसरं प्रकरण म्हणजे बहुतेक वेळा त्या विषयावरच्या आधीच्या कामाचा तयार आढावा. आणि हवा असलेला निबंध कुलुपात असेल तर लेखकाला दोन ओळींचा मेल टाका. बरेच जण आनंदानं पाठवतात.

मित्रा, तू एसओएमचं कोणत्या युनिटला अडलायस ते लिहिलं नाहीस. एसएफडी-बीएमडी, टॉर्शन की कॉलम? युनिट आणि तुझ्याकडं असलेल्या पुस्तकाचं नाव खाली टाक. त्या युनिटपुरती व्याख्यानं कोणती आणि कोणती गणितं आधी सोडवायची, ते सांगतो.