पाण्याची वाट मोडू नकोस

चि. बाळ,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दिवाळीनंतर सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळ-पठारावर, चर खणायचे ठरलेत, मजुरी मिळणार म्हणून गाव खूश आहे, आणि तुझं गवत नेमकं त्याच उतारावर. म्हणून विचारतेस, बी गोळा करून रोपवाटिकेत वाढवू का?

बी जरूर गोळा कर, पण त्याला वाचवणं म्हणू नकोस. तुझं गवत ग्लिफोक्लोआ या गटातलं. त्याची सगळी भावंडं भारतीय द्वीपकल्पातलीच, त्यातली बरीचशी जांभ्याच्या सड्यांना धरून राहिलेली. चार बोटं माती, खाली कातळ. जूनपासून त्या मातीतून पाणी झिरपत राहतं, आणि ओल हटायच्या आत या गवताला उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं असतं. उन्हाळ्यात वर गेलेल्याला नुसता तापलेला दगड दिसतो, म्हणून तर अशा जमिनीला सगळे पडीक म्हणतात. यातलं काय देणार तू कुंडीत? पाण्याची वाट मोडू नकोस, गवत आपलं आपण बघून घेईल.

तुझ्या वयाचा असताना मीच ती मोडली. गुरं आत येऊ नयेत म्हणून गवताच्या वरच्या अंगाला, पहारीने जांभा फोडून गुडघाभर चर काढून घेतला. पाणी चराने बाजूला निघून गेलं. खालची ओल ऑगस्टातच सुकली. चरणारी जनावरं नाहीत, म्हणून उंच कुसळी गवत माजलं. तिसऱ्या पावसाळ्यात मी गुडघ्यांवर बसून एकेक कणीस भिंगाखाली धरलं. आपलं गवत एकही नव्हतं. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं गं. गवत म्हटलं की भले भले जाणकार हात जोडायचे. मी निष्काळजी नव्हतो, दर आठवड्याला तो चढ चढत होतो. पण पाऊस लागला की खाली यायचो, आणि बघायचं ते पावसातच होतं.

‘गवताची कुणाला पडलीय’ हे रडगाणं मात्र पुन्हा लिहू नकोस. कासचं पठार 2012मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं, तिथेही माणसं फुलं बघायलाच जातात. हे धरूनच चालायचं.

आत्ता, पाऊस आहे तोवर, वर जा. पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, कुठून उतरतं, तिथे दगड रचून खुणा कर. सोबत गुराखी घे, त्याला या वाटा तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मग सरपंचांना तिथे उभं कर. गावाची मजुरी बुडवायची नाही. चर सड्याच्या खाली, मातीच्या उतारावर सरकवा, कामाचे दिवस तेवढेच भरतील. वरच्या पाण्याची वाट तेवढी मोडू देऊ नकोस. यावर तडजोड करायला लागलीस तर मला विचारू नकोस.

आखणीची तारीख कळव, आदल्या दिवशी येतो. माझा तो जुना चर अजून तसाच आहे. सरपंचांना आधी तिकडे नेऊ.

तुझा,
काका