मेझे: चखणा, तोंडीलावणं की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: "ग्रीसमध्ये घरच्याच माणसांनी चालवलेल्या तावेर्नात, म्हणजे खानावळीत, जेवायला गेलात तर मेझे मागवा, असं सगळे सांगतात. मराठीत याला चखणा म्हणायचं, तोंडीलावणं म्हणायचं की सरळ स्टार्टर? मेझे आला, आली की आलं? आम्ही दोघंही शाकाहारी आहोत, तर मेनूकार्डावरचे कोणते शब्द ओळखता यायला हवेत?"

स्टार्टर आधी बाजूला काढू. त्या शब्दात पुढे मुख्य जेवण येणार हे गृहीत आहे. ग्रीक कार्डावर त्या अर्थाचा शब्द निराळा आहे, 'ओरेक्तिका'. 'ओरेक्सी' म्हणजे भूक, आणि ओरेक्तिका म्हणजे भूक चाळवणारे पदार्थ. (ताटं मांडून झाली की वाढणारा "काली ओरेक्सी" म्हणतो, तीच ही ओरेक्सी.) मेझेला मात्र पुढचं काही लागत नाही. संध्याकाळभर नुसत्या मेझेवर बसता येतं आणि उठताना जेवण झालेलं असतं. एकच पदार्थ, समजा वांग्याचा, एका ठिकाणी ओरेक्तिका म्हणून येतो आणि दुसरीकडे मेझे म्हणून. फरक खाण्याच्या रीतीत आहे. छोटी बशी, सगळ्यांच्या मध्ये ठेवलेली, सोबत पेय, आणि घाई अजिबात नाही.

ग्रीकांनी हा शब्द तुर्कीतून घेतला आणि तुर्कीनं फारसीतून. फारसीतल्या मूळ शब्दाचा अर्थ चव असा आहे, आणि तिथेही तो दारूबरोबरच्या खाण्याला लावतात. हाच शब्द दुसऱ्या वाटेनं आपल्याकडे आला तो 'मजा' होऊन. म्हणजे मेझे आणि मजा एकाच घरातले. आपल्याकडे जिभेची चव मागे पडली आणि आनंद उरला, तिकडे चव टिकली आणि बशीत उतरली.

आता चखणा. अर्थानं हाच सगळ्यात जवळचा. चाखणे या क्रियेवरून तो आलेला आहे, पेयाला जोडलेला आहे, आणि मूळ फारसी शब्दातही चवच आहे. अडचण एवढीच की मराठी कानाला चखणा म्हटलं की खारे दाणे, चकली, मसाला पापड असंच काहीतरी दिसतं, आणि पिणारा नसेल तर चखण्याला जागाच नाही. तावेर्नात मुलंबाळं, आजीआजोबा सगळे मेझे खातात. तोंडीलावणं तर उलट्या टोकाला आहे. त्याला भाकरी किंवा भात मुख्य म्हणून लागतो, आणि मेझेच्या टेबलावर मुख्य असं काही नसतंच. म्हणून माझं मत असं की शब्द मेझेच ठेवावा, आणि पहिल्यांदा वापरताना 'पेयाबरोबर मध्ये ठेवून वाटून खायचे छोटे पदार्थ' एवढं सांगून पुढे जावं. स्टार्टर तर मुळीच म्हणू नये, कारण त्या शब्दानं मागवण्यातच चूक होते.

ती चूक अशी. माणशी एक मेझे आणि माणशी एक मुख्य पदार्थ मागवला जातो. स्वयंपाकघरातून जे आधी तयार होईल ते आधी येतं, त्यामुळे तळलेलं, भाजलेलं, सॅलड सगळं एकदम टेबलावर आदळतं, निम्मं गार होतं आणि निम्मं उरतं. दोघांसाठी एक सॅलड आणि तीन मेझे पुष्कळ होतात. आधी तेवढंच सांगावं, लागलं तर पुन्हा मागवावं. मागवताना दोन शब्दप्रयोग कामाचे आहेत. 'स्ती मेसी' म्हणजे मध्ये ठेवा, आम्ही वाटून घेतो. यातला 'मेसी' आणि आपला 'मध्य' मुळात एकच शब्द आहेत, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं. दुसरा 'सिगा सिगा', हळूहळू, म्हणजे एकामागून एक येऊ द्या.

याला एक अपवाद आहे. थेसलीतल्या वोलोस शहरात त्सिपुरो, म्हणजे द्राक्षांचा चोथा आंबवून गाळलेली दारू, देणारी खास घरं आहेत. तिथे मेझे निवडायचे नसतातच. त्सिपुरोची छोटी बाटली मागवली की तिच्याबरोबर काय द्यायचं ते स्वयंपाकघर ठरवतं. पुढच्या बाटलीला पुढचा मेझे. तो बहुतेक वेळा समुद्रातला असतो, तेव्हा शाकाहारी माणसानं पहिली बाटली येण्याआधीच सांगायला हवं.

आता शाकाहाराचे शब्द, कारण खरी फसगत इथेच होते. 'ईमे होर्तोफागोस' म्हणजे मी शाकाहारी आहे. स्त्री असो वा पुरुष, रूप तेच. पण नुसतं 'हॉरीस क्रेआस', म्हणजे मांस नको, एवढ्यावर थांबू नये. रोजच्या बोलण्यात क्रेआस म्हणजे बहुधा डुकराचं, गाईचं किंवा मेंढीचं मांस. कोंबडी आणि मासे बरेच जण त्यात धरत नाहीत. म्हणून 'ऊते कोतोपुलो, ऊते प्सारी', कोंबडीही नको आणि मासाही नको, हे जोडावं.

'निस्तीसिमा' हा शब्द पाहून आपल्या माणसाला हायसं वाटतं, कारण अर्थ उपवासाचं असा आहे. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासात मांस, दूध, चीज, अंडी आणि काटा असलेले मासे वर्ज्य असतात. ऑक्टोपस, माकूळ, कोळंबी, शिंपले चालतात. तेव्हा निस्तीसिमा म्हणजे शाकाहारी नव्हे. ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपवासात गेलात तर डाळी आणि भाज्यांची निवड मात्र सगळ्यात जास्त असते.

तुमच्या खऱ्या उपयोगाचा शब्द आहे 'लादेरा'. 'लादी' म्हणजे तेल, आणि लादेरा म्हणजे भरपूर ऑलिव्ह तेलात टोमॅटो-कांद्याबरोबर मंद आचेवर शिजवलेल्या भाज्या: फरसबी, भेंडी, राजम्याच्या जातीचे मोठे दाणे, बटाटा-वांगी-झुकिनी एकत्र भाजलेलं ब्रियाम. पाणी पूर्ण आटून भाजी तेलावर राहिली की ती जमली. वर तेल तरंगतंय, म्हणजे जास्त झालं, असं समजून परत पाठवू नये. ती कोमटच वाढतात, आणि तीच तिची चव. लादेरा सकाळी भांडंभर शिजवून ठेवतात, म्हणून दुपारी मागवावं. रात्री उशिरा उरलेलं मिळतं, नाहीतर संपलेलं असतं. कार्डावर 'तिस ओरास' या मथळ्याखाली जे असतं ते त्याच्या उलट, ऐनवेळी भाजून देण्याचं, आणि तिथे जवळजवळ सगळं मांस असतं.

आता शब्दातच सापळा असलेली काही नावं. 'सलाता' शेपटीला असलं म्हणजे पदार्थ भाजीचाच असेल असं नाही. 'मेलित्झानोसलाता' म्हणजे चक्क भाजलेल्या वांग्याचं भरीत, लसूण, लिंबू आणि ऑलिव्ह तेल घातलेलं. पण 'तारामोसलाता' माशाच्या गाबोळीची असते, आणि दिसायला साध्या चटणीसारखी. 'केफ्तेदेस' हा आपला कोफ्ताच. त्याच्या आधी भाजीचं नाव असेल, जसं कोलोकिथोकेफ्तेदेस झुकिनीचे किंवा रेविथोकेफ्तेदेस काबुली चण्यांचे, तर ठीक. (झुकिनीच्यात अंडं आणि फेटा असतो.) नुसतं केफ्तेदेस लिहिलं असेल तर ते खिम्याचे.

द्राक्षाच्या पानांचे 'दोल्मादाकिया' दोन प्रकारचे. 'यालान्जी' हे तुर्कीतून आलेलं विशेषण, अर्थ खोटारडे. मांस असल्याचं सोंग करणारे, म्हणजे आतमध्ये नुसता भात आणि सुगंधी पानं. ते गार येतात, लिंबाबरोबर. गरम आले आणि वर फिकट पिवळा अंडं-लिंबाचा रस असेल तर आत खिमा आहे असं समजा. भरलेले टोमॅटो आणि मिरच्या म्हणजे 'येमिस्ता'. ते मांसाविना असतील तर ग्रीक त्यांना 'ओर्फाना', पोरके, म्हणतात. "येमिस्ता ओर्फाना आहेत का?" असं विचारलं की घरची बाई खुलते आणि उत्तरही नेमकं मिळतं.

'सागानाकी' हे पदार्थाचं नाव नाही, भांड्याचं आहे. दोन कानांचा छोटा तवा. नुसतं सागानाकी म्हटलं की पिठात घोळवून तळलेलं चीज येतं. ते आल्या आल्या लिंबू पिळून खावं, गार झालं की रबरासारखं चिवट होतं. 'गारीदेस सागानाकी' मात्र कोळंबीचं.

'फावा' या नावाचाही घोटाळा होतो. बाहेरच्या जगात त्या नावानं जाड बियांचा बाकला ओळखला जातो. ग्रीसमध्ये फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेल, कच्चा कांदा आणि लिंबू. सांतोरिनीची फावा ज्या वनस्पतीची, ती लॅथिरस वंशातली, म्हणजे विदर्भातल्या लाखेच्या डाळीची सख्खी चुलत बहीण. वर परतलेला कांदा आणि केपर (खारवलेल्या छोट्या कळ्या) घातले की तिला 'पांद्रेमेनी', लग्न झालेली, म्हणतात. शाकाहारी माणसानं डोळे मिटून मागवावा असा हा मेझे.

'होर्यातिकी' म्हणजे गावरान सॅलड: टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी मिरची, ऑलिव्ह आणि वर फेटाची अख्खी वडी. त्यात कोबी-लेट्यूसची पानं नसतात. फेटा हे नाव युरोपीय संघानं २००२ मध्ये ग्रीसपुरतं राखून ठेवलं. त्यात किमान ७० टक्के दूध मेंढीचं असावं लागतं, उरलेलं शेळीचं. पारंपरिक फेटा कोकराच्या जठरातल्या रेनेटनं, म्हणजे दूध फाडणाऱ्या द्रव्यानं, विरजतात, तेव्हा तुमचा शाकाहार तिथवर कडक असेल तर चीजशिवायचं सॅलड मागवावं.

वाइन बाटलीतली नको असेल तर 'हीमा', सुटी, म्हणावं. ती लिटरवर नाही, किलोवर मागतात: 'मिसो किलो' अर्धा, 'तेतार्तो' पाव. ब्रेड न विचारता येतो आणि 'कुवेर' म्हणून बिलात लागतो. तो नको असेल तर आल्या आल्या सांगावं. कार्डावर पदार्थापुढे चांदणी असेल तर तो गोठवलेल्या मालाचा. शेवटी फळं, गोड काही किंवा छोटा पेला न मागता आला तर ते 'केरास्मा', घरचं आतिथ्य, त्याचे पैसे लागत नाहीत. बिल मात्र मागितल्याशिवाय येत नाही: 'तोन लोगार्याझ्मो, पाराकालो'.

राहिलं लिंग आणि उच्चार. ग्रीकमध्ये एकवचन 'मेझेस' पुल्लिंगी, अनेकवचन 'मेझेदेस', आणि जोर एकवचनात शेवटच्या अक्षरावर. मराठीत 'मेझे' पुल्लिंगी धरला की सगळं आपोआप जुळतं: एक मेझे आला, चार मेझे आले. 'घोडे-आंबे'च्या चालीवर एकवचन 'मेझा' करण्याचा मोह होईल, तो टाळावा. झ दंत्य म्हणावा, 'माझा'मधला, 'माझी'मधला नव्हे. आपल्या जिभेला ई-ए पुढे तो तालव्य करायची सवय आहे. म्हणूनच दह्या-काकडीच्या 'त्झात्झीकी'तला पहिला त्झ 'जागा'मधल्या ज-सारखा सहज येतो आणि दुसऱ्याला आपण 'जीव'मधला ज करून टाकतो. दोन्ही दंत्यच हवेत. आणि फिरत्या सळीवरचं मांस पोळीत देतात त्याला 'जायरो' किंवा 'गायरो' न म्हणता 'यीरोस' म्हणावं, कारण ग्रीकमध्ये ई-ए पुढचा ग हा य होतो.