माशीचा रंग नको, आधी पंख बघा

घरात दिसलेली ही बारीक माशी कोणती, असं विचारून तुम्ही पाठवलेले तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. रंगावरून नाव ठरवायची घाई करू नका, फ्लॅशमध्ये करडी माशीसुद्धा तपकिरी दिसते. पंख बघा. दुसऱ्या फोटोत ते रुंद, केसाळ आहेत, कडेला बारीक पांढरे ठिपके आहेत आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या. ही मोरीतली माशी, शास्त्रीय नाव क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा. मुंबईच्या दमट हवेत बाथरूमच्या टाइल्सवर अशी माशी निवांत बसलेली दिसली की माझा पहिला संशय हिच्यावरच जातो. हात लागला की केस झडतात, मग ओळखणं अवघड होतं. म्हणून मारू नका, डबीत पकडून फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग वरून, बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

घरातल्या इतर बारीक माश्यांशी हिची गल्लत करू नका. केळ्यांभोवती घिरट्या घालणारी, लाल डोळ्यांची ती फळमाशी. कुंडीतल्या ओल्या मातीतून निघणारी बारीक, लांब पायांची असते, तिच्या पंखात इंग्रजी वाय अक्षरासारखी शीर दिसते. पाठीला कुबड असलेली आणि उडण्याऐवजी तुरुतुरु पळणारी वेगळीच.

माश्या मोरीतूनच येतात याची खात्री करायची असेल तर रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली, हवेला थोडी फट ठेवून. सकाळी माश्या चिकटलेल्या सापडल्या तर ब्रशने जाळीखालचा बुळबुळीत थर खरवडून काढा. अळ्या त्यातच वाढतात, वरून नुसतं फिनेल ओतून भागत नाही.