गेटवरची सुरक्षा आणि आतली सुरक्षा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातून एका काकांचं पत्र आलं आहे. मुलगा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनीअर दलात, हवालदार, सतरा वर्षं नोकरी झाली, आठ महिन्यांनी पेन्शनवर घरी येतोय. शिक्षण बारावी सायन्स, फौजेतला ट्रेड इलेक्ट्रिशियनचा. त्याला कारखान्यात सेफ्टीच्या लाइनला जायचंय. कुणीतरी पंधरा दिवसांत ‘सेफ्टी ऑफिसर’चं सर्टिफिकेट देतो म्हणून पंचाऐंशी हजार मागितलेत आणि मुलगा भरायला निघालाय. काका लिहितात : “मी लोट्याला केमिकल कंपनीत अठ्ठावीस वर्षं काढली. सेफ्टीवाला आला की हेल्मेट डोक्यावर, गेला की खुंटीवर. त्याला ना मॅनेजर विचारायचा, ना आम्ही. फौजेत मानानं राहिलेल्या पोरानं असलं काम कशाला करायचं? त्यापेक्षा ओळखीनं सिक्युरिटीत सुपरवायझर लागेल. तुम्हीच त्याला समजवा.”

काका, नमस्कार.

समजावते, पण फक्त त्या पंचाऐंशी हजारांपुरतं. ते भरू देऊ नका. बाकीच्या बाबतीत मी तुमच्या मुलाच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

घोळाची सुरुवात आपल्या भाषेतच आहे. सिक्युरिटीलाही आपण सुरक्षा म्हणतो आणि सेफ्टीलाही सुरक्षाच म्हणतो. त्यामुळे फौजी माणूस ‘सुरक्षेत काम करायचंय’ म्हणाला की समोरचा त्याला गेटवरची खुर्ची दाखवतो. गेटवरचं काम वाईट नाही, पेन्शनला जोड म्हणून अनेक जण ते आनंदानं करतात. पण तिथे बाहेरून आत काय येतं ते बघायचं असतं. सेफ्टीवाल्यानं आत आधीपासूनच काय भरून ठेवलंय ते बघायचं असतं: टाकीत, पाइपात, विजेच्या पॅनेलमध्ये आणि माणसाच्या सवयीतही. सदतीस-अडतीस वर्षांच्या, विजेचं काम येणाऱ्या माणसाला गेटवर बसवणं मला तरी नासाडी वाटते.

आता ते सर्टिफिकेट. ‘सेफ्टी ऑफिसर’ हे कायद्यातलं पद आहे. कारखाना कायदा १९४८चा. त्याच्या कलम ४०-ब प्रमाणे हजार किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात हा अधिकारी नेमावा लागत असे, आणि धोका जास्त असेल तर सरकार लहान कारखान्यालाही तो नेमायला लावू शकत असे. नोव्हेंबर २०२५पासून नवी कामगार संहिता लागू झाली, तिनं हा आकडा पाचशेवर आणला. घातक प्रक्रियेच्या कारखान्यांना तर अडीचशेवरच, आणि अडीचशे मजुरांच्या बांधकामालाही. म्हणजे जागा वाढणार आहेत, मुलाचा अंदाज चुकलेला नाही. पण त्या जागेवर कोण बसू शकतो, हेही नियमानंच ठरतं. महाराष्ट्राचे सुरक्षा अधिकाऱ्यांचे नियम १९८२चे. त्यांत तीन गोष्टी मागितल्या आहेत. इंजिनीअरिंगची पदवी असेल तर कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून दोन वर्षांचा अनुभव, आणि इंजिनीअरिंगचा डिप्लोमा किंवा फिजिक्स-केमिस्ट्रीची पदवी असेल तर पाच वर्षांचा. त्यावर सरकारमान्य औद्योगिक सुरक्षा पदविका. आणि कामगारांची भाषा यायला हवी. यातली तिसरी अट तुमच्या मुलानं जन्मतःच पूर्ण केली आहे. पंधरा दिवसांच्या वर्गानं पहिल्या दोन्हींतली एकही होत नाही.

इथे फौजी माणसं आणखी एका ठिकाणी फसतात. पंधरा वर्षं सेवा झालेल्या जवानाला पदवीसमान असल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते हातात आलं की वाटतं, आपण ग्रॅज्युएट झालो, आता पुढची पदविका करू. ते प्रमाणपत्र सरकारी गट क च्या भरतीसाठी आहे, तिथे खरोखर उपयोगी आहे, जपून ठेवायचं. पण सेफ्टी ऑफिसरच्या नियमाला फिजिक्स, केमिस्ट्री किंवा इंजिनीअरिंग लागतं. माझ्याकडे एक नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ आले होते. त्यांनी हे प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलं होतं आणि अर्जामागून अर्ज परत का येतायत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दीड वर्ष गेलं होतं त्यात.

मग करायचं काय? माझं मत थोडं उलटं आहे: सेफ्टीत जायचं असेल तर त्यानं सेफ्टीच्या दारानं शिरू नये. बारावी सायन्स असल्यामुळे पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. रत्नागिरीला सरकारी पॉलिटेक्निक आहे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, दोन वर्षं. वर्गात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं असतील, पहिला महिना त्याला कानकोंडं होईल, नंतर तीच पोरं प्रॅक्टिकलला याच्याभोवती जमतील. पेन्शनमध्ये घर चालत असेल तर ही दोन वर्षं त्यानं स्वतःला द्यावीत. घर चालत नसेल तर नोकरी करत इग्नूची बीएस्सी, पण ती तीन वर्षं आणि प्रॅक्टिकलसाठी धावपळ. डिप्लोमानंतर कुठल्याही कारखान्यात मेंटेनन्सला सुपरवायझर म्हणून लागावं. ही पाच वर्षं नियमाच्या हिशेबात धरली जातात, पगार मिळतो, आणि पॅनेल स्वतः उघडून बंद केलेल्या माणसाचं कामगार ऐकतात. मग महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका, किंवा मुंबईला शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतली. हिशेब घातला तर तो पंचेचाळिशीच्या आसपास सेफ्टी ऑफिसर होईल. उशीर वाटतो, मला कळतं. पण या कामात पांढरे केस अडत नाहीत.

आणि मधल्या काळात हातात काहीच नाही असंही नाही. कारखान्यांचं वार्षिक शटडाऊन निघतं, म्हणजे दुरुस्ती-सफाईसाठी कारखाना बंद ठेवतात, तेव्हा ठेकेदारांना सेफ्टी सुपरवायझर लागतात. ते कायद्यातलं पद नाही, तिथे अनुभव आणि खणखणीत आवाज बघतात. कॉलेजच्या सुट्टीत असं एखादं शटडाऊन करून बघितलं तर हे काम आपल्याला झेपतं का, हे एका महिन्यात कळेल. रोज बारा-बारा तास टाकीच्या तोंडाशी उभं राहायचं, आत किती गेले, बाहेर किती आले ते लिहायचं. कंटाळवाणं काम आहे. पण लक्ष गेलं की माणूस जातो.

याच टाकीवर थोडं थांबते, कारण फौजी मुलाबद्दल मला खरी काळजी इथेच आहे.

सांडपाण्याची टाकी साफ करायला माणूस उतरतो. तळाचा गाळ ढवळला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हा वायू वाढला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गेला वास, आता बरं आहे. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो तळाशीच बसून राहतो. वर उभ्या असलेल्याला काही जाणवत नाही, खाली वाकलेला कोसळतो. आणि मग वरचा दुसरा माणूस त्याला काढायला उतरतो, त्याच्यामागे तिसरा. पेपरात ‘टाकीत तिघांचा मृत्यू’ अशी बातमी येते, तेव्हा त्यातले दोघे बहुतेक वेळा वाचवायला गेलेले असतात.

आता सांगा काका, तुमच्या मुलाला सतरा वर्षं काय शिकवलंय? साथीदार पडला की मागे बघायचं नाही, धावायचं. हीच गोष्ट त्याला विसरावी लागेल. टाकीच्या तोंडाशी साथीदार पडला की जागेवर उभं राहायचं, आरडाओरडा करायचा, दोरी ओढायची, हवेचा सिलिंडर पाठीवर असलेला माणूस येईपर्यंत दुसऱ्या कुणालाही आत जाऊ द्यायचं नाही, स्वतःही नाही. परमिटवर, म्हणजे आत उतरायच्या परवानगीच्या कागदावर, ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान लिहिला गेल्याशिवाय आणि विषारी व पेट घेणाऱ्या वायूची तपासणी झाल्याशिवाय टाकीचं तोंड उघडलं तरी उतरायचं नाही. बाहेर उभं राहून ओरडणाऱ्याला लोक भित्रा म्हणतील. फौजी माणसाला हे ऐकून घेणं जड जातं. जमलं पाहिजे.

बाकी फौजेतलं जे त्याच्याजवळ आहे ते सोन्यासारखं आहे. सॅपरनं सुरुंग हाताळलेले असतात, ‘बहुतेक नसेल’ या शब्दावर तो पाऊल टाकत नाही. काम सुरू करण्यापूर्वी जागा पायाखाली घालायची, प्रत्येक वस्तूची नोंद ठेवायची, हत्यार मोजून द्यायचं आणि मोजून घ्यायचं. कारखान्यात वीज बंद करून स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि तरीही टेस्टर लावून बघायचं, ही पद्धत पोरांच्या गळी उतरवायला वर्षं लागतात. त्याला ती एका दिवसात पटेल.

आता तुमचं हेल्मेट. पत्रातलं ते वाक्य मी दोनदा वाचलं. सेफ्टीवाला गेला की हेल्मेट खुंटीवर. काका, का हो? उकडायचं म्हणून? पट्टा कानाला काचायचा? सगळ्यांना एकाच मापाची आणली होती? की वरच्या मजल्यावरून काही पडतच नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं? तुमच्या सेफ्टीवाल्यानं हे कधी विचारलं नसणार, नाहीतर हेल्मेट खुंटीवर गेलं नसतं. फौजेत हवालदाराचा शब्द खाली जातो तो पाळला जाण्यासाठीच. कारखान्यात सेफ्टी ऑफिसरला हुकूम सोडायचा अधिकार नसतो. नियमांतच त्याचं काम ‘व्यवस्थापनाला सल्ला व साहाय्य’ असं लिहिलंय. त्याच नियमांत त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जाही दिलाय आणि त्याच्या कामाला बाधा येईल अशी दुसरी जबाबदारी त्याच्यावर टाकायला मनाई केलीय. म्हणजे मान कागदावर आहे. तो कागदावरून फ्लोअरवर आणणं हे प्रत्येकाचं स्वतःचं काम. तुमच्या वेळच्या माणसाला ते जमलं नाही म्हणून ते कामच हलकं ठरत नाही.

आपल्या किनारपट्टीवर तर या माणसाला उसंत नसते. जून ते सप्टेंबर परांची शेवाळते, केबलच्या जोडात पाणी शिरतं, पत्र्यावर चढलेला माणूस घसरतो. २०२१च्या जुलैत चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं, त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये निसर्ग वादळ येऊन गेलं. पाणी चढायला लागलं की ड्रम कुठे हलवायचे, वीज कुणी आणि कधी तोडायची, हे पाणी चढल्यावर ठरवता येत नाही. नदी-खाडीच्या काठच्या रासायनिक वसाहतीत हे आधी लिहून, घोकून, पोरांकडून करून घ्यावं लागतं. सॅपरला पूर नवा नाही. आणखी एक गोष्ट पुस्तकात मिळणार नाही, तुम्हाला मात्र ठाऊक असेल: गणपतीच्या आणि शिमग्याच्या आधीचा आठवडा. सगळ्यांना गावी पळायचं असतं, काम उरकायची घाई, आणि निम्मी माणसं गेली की त्यांच्या जागी ठेकेदार नवखी आणून उभी करतो. हा आठवडा कॅलेंडरवर लाल करून ठेवणारा सेफ्टीवाला मला चांगला वाटतो.

मुलानं पत्राखाली स्वतःच्या हातानं एक ओळ जोडली आहे, नेबॉश करून आखातात जाऊ का म्हणून. नेबॉश ही ब्रिटिश परीक्षा आहे, तिथे तिला चांगली किंमत आहे, प्रवेशाला पदवी लागत नाही. पण आपल्याकडे ती बहुधा इंग्रजीतच द्यावी लागते. आणि आपल्या कारखान्याच्या नियमातल्या पदविकेची जागा ती घेत नाही. आखातात जायचं पक्कं असेल तर करावी. गावी राहायचं असेल, सुनबाई आणि नातवंडांची शाळा खेडलाच असेल, तर आधी डिप्लोमा. आणि कुठल्याही वर्गात पैसे भरण्याआधी ती संस्था नेबॉशच्या स्वतःच्या यादीत आहे का ते बघावं. ‘नेबॉश दर्जाचं’ म्हणून भलतंच गळ्यात मारणारेही भेटतात.

आता घाईचं काम. निवृत्त होणाऱ्या फौजींसाठी संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय आहे, त्याचे बहुतेक अभ्यासक्रम निवृत्तीच्या आधी, नोकरीत असतानाच करायचे असतात आणि त्यात आग व औद्योगिक सुरक्षेचेही असतात. त्यानं पदविका मिळते अशी समजूत करून घेऊ नये, पण तोंडओळख चांगली होते आणि पंचाऐंशी हजार वाचतात. आठ महिने म्हणजे फार नाहीत. त्यानं याच आठवड्यात युनिटच्या ऑफिसात विचारावं. घरी आल्यावर रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून ठेवावं. डिस्चार्ज बुकात ट्रेडची नोंद नीट झाली आहे का, हे सही करण्यापूर्वी बघावं, नंतर दुरुस्तीला जोडे झिजतात.

आणि पुढच्या सुट्टीत तो आला की त्याला पडवीत बसवा आणि अठ्ठावीस वर्षांत कुठे कुठे थोडक्यात वाचलात ते सांगा. कुठला व्हॉल्व्ह अडकायचा, कुठल्या शिडीला कठडा नव्हता, रात्रपाळीला कुठला अलार्म कुणी बंद करून ठेवायचं. तुम्ही कधी घरी बोलला नसाल. त्यानं वहीत लिहून घ्यावं.

बारावीची मार्कशीट मला पाठवा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत गणिताच्या मार्कांवरच अंगठा आला आहे.