दुबईच्या शाळेला रिपोर्ट दाखवायचा की नाही?

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालो, जुळे सोलापुरात राहतो. नातू ८ वर्षांचा, दुसरीत आहे. चार वर्षांचा असताना पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. बोलतो, पण मनात आलं तरच. एसटी स्टँडवर नेलं की बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, सगळ्या पाट्या घडाघडा वाचतो. वर्गात तोंड उघडत नाही. लक्ष टिकावं म्हणून एक गोळी चालू आहे. मुलाला दुबईत नोकरी लागली. एप्रिलमध्ये सून आणि नातू तिकडे जाणार. मुलगा म्हणतो, शाळेला रिपोर्ट दाखवायचाच नाही, दाखवला की प्रवेश गेला. माझी थोरली बहीण म्हणते, पोराला इथंच ठेवा, तिकडे हाल होतील. मला काही सुधरेना.
– एक आजोबा, सोलापूर

उत्तर : काका, रिपोर्ट दाखवायचा. प्रवेशाच्या फॉर्मसोबतच द्यायचा. तुम्ही लपवलात तरी आठवड्याभरात वर्गशिक्षिकेला सगळं दिसणारच आहे. मग 'पालकांनी आमच्यापासून लपवलं' म्हणायला शाळा मोकळी, आणि तोवर पोरगं बिनमदतीचं बसलेलं.

चिरंजीवांची धास्ती मला कळते. इथं 'आमच्याकडे सोय नाही हो' ऐकून ऐकून माणूस शहाणा होतो. पण दुबईत नियम वेगळा आहे. तिथल्या खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी संस्थेची देखरेख असते. २०१७ मध्ये दुबईने सर्वसमावेशक शिक्षणाचं धोरण आणलं. त्यानुसार केवळ अपंगत्वाच्या कारणावरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि नाकारलाच तर तसं कारणासह केएचडीएला कळवावं लागतं. तिकडच्या कागदांवर 'स्टुडंट ऑफ डिटरमिनेशन' असा शब्द दिसेल. तो तुमच्या नातवासारख्या मुलांसाठीच आहे. रिपोर्ट दिलाच नाही तर यातलं काहीच त्याच्या बाजूने उभं राहत नाही.

नियम आहे म्हणून सगळ्या शाळा दारात आरती घेऊन उभ्या राहतील असं मात्र समजू नका. 'जागा भरल्या' हे गोड उत्तर तिथेही मिळतं. फोनवर मिळालं तर ईमेलवर मागून घ्यायचं. लेखी द्यायची वेळ आली की कधी कधी जागा निघतेसुद्धा.

खरी मेख पैशात आहे. वर्गात करायचे साधे बदल शाळेने नेहमीच्या फीमध्येच करायचे असतात. पण नातवाशेजारी दिवसभर बसणारी मदतनीस लागली, म्हणजे तिकडे ज्यांना एलएसए म्हणतात त्या, तर तो खर्च बहुधा पालकांवर येतो. महिन्याला काही हजार दिरहॅम जातात. कंपनी मुलांची फी देते म्हणून चिरंजीव निर्धास्त असतील, तर त्यात मदतनीस धरली आहे का, हे सही करण्याआधी विचारायला सांगा. मदतनीस कोण, किती तास आणि कशासाठी, याचा शाळेशी लेखी करार करायचा. वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, दर सत्राला पालकांसोबत बसून तपासणार का, हेही तेव्हाच ठरवून घ्यायचं.

शाळा निवडताना पोहण्याच्या तलावाचे फोटो बघू नका. केएचडीएच्या वेबसाइटवर शाळांचे तपासणी अहवाल आहेत, त्यात अशा मुलांच्या सोयीबद्दल वेगळं लिहिलेलं असतं. ते वाचा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा स्वस्त असतात, पण वर्ग मोठे. त्या एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश पद्धतीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे एप्रिल हुकला म्हणून आभाळ कोसळत नाही. चिरंजीवांनी पुढे जावं, शाळा पक्की करावी, मग माय-लेकरांनी निघावं. आत्याबाईंच्या सल्ल्यातला एवढाच भाग घ्या. पोराला आईबापापासून तोडून इथं ठेवायला माझा साफ विरोध आहे.

आता रिपोर्टचं. चार वर्षांपूर्वीचा चालणार नाही, नव्याने तपासणी करून घ्या. इंग्रजीत, चाचणीचं नाव, गुण आणि तारीख लिहिलेला, खाली मानसतज्ज्ञांचा आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक असलेला. 'मुलाला विशेष लक्ष द्यावे' अशा एका ओळीचा तिथे उपयोग शून्य. सिव्हिलमधून यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्रही काढून ठेवा. तिकडे ते चालत नाही, पण परत आलात तर लागेल.

आणि एक पान तुम्ही लिहायचं. ते डॉक्टर लिहू शकत नाहीत. तो घाबरला की काय करतो? कानावर हात, की बाकाखाली? तेव्हा जवळ जायचं, की पाच मिनिटं गप्प राहायचं? शू लागली की सांगतो कसा? पाट्यांचंही लिहा. अक्षरं न जोडता अख्खा शब्द ओळखत असेल, तर वाचन कुठून सुरू करायचं ते शिक्षिकेला त्यातून कळतं. सूनबाई इंग्रजी करतील. पान एकच ठेवा, दहा पानं कोणी वाचत नाही.

तिकडे कुणी 'घरात फक्त इंग्रजी बोला' म्हणालं तर ऐकू नका. दोन भाषांनी ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. तुम्ही रोज मराठीतच बोला. व्हॉट्सअॅपचा व्हिडिओ कॉल तिथे सहसा लागत नाही, बोटिम नावाचं अॅप घ्या. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं.

गोळीचं शेवटी लिहितेय, पण काम पहिलं तेच करा. लक्षासाठीच्या काही गोळ्या अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडतात. नाव तपासा, डॉक्टरांची ताजी चिठ्ठी घ्या आणि लागत असेल तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी विमानात बसण्याआधी हातात ठेवा. आणि तिकडचा डॉक्टर मिळेपर्यंत गोळी आपल्या मनाने बंद करू नका.